पांच डॉलरांची मैफल

‘इंडी रॉक’ यांतील पहिला शब्द ‘इंडिपेंडंट’ याचा संक्षेप होय. मोठ्या ध्वनिमुद्रण-कंपन्यांच्या आश्रयावांचून, लहान संस्थांच्या द्वारें आपलें संगीत प्रसिद्ध करणाऱ्या वाद्यवृंदांस उद्देशून तो प्रचारांत आला. अशा वृंदांचें खरें घर म्हणजे क्लब. आणि क्लब म्हणजे पुष्कळदां दोनतीनशें माणसांनींच भरून जाणारी, एका टोकाला ठेंगणा रंगमंच व दुसऱ्या टोकाला मद्याचा बार असलेली खोली.

आवडत्या वृंदाच्या तबकड्या घरीं शंभर वेळां ऐकलेला तरुण या खोलींत उभा राहतो, तेव्हां त्याला प्रथम जाणवतो तो आवाजाचा स्पर्श. ड्रमचा ठोका यंत्राची वाट न पाहतां थेट येऊन थडकतो. गिटारचा आवाज वादकाच्या पाठीमागील ध्वनिवर्धकांतून निघतो, आणि बेस गिटारचे मंद्र स्वर कानाआधीं छातीला कळतात. गवयाच्या खाजगी बैठकीची गोडी ज्यांनीं चाखली आहे, त्यांना जवळ बसून ऐकण्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

परंतु जवळ जावयास मिळावें कोणाला? अमेरिकेंत १९८४ च्या कायद्यामुळें मद्यखरेदीची किमान वयोमर्यादा हळूहळू सर्व राज्यांत एकवीस वर्षें झाली. क्लबाचें पोट मद्यविक्रीवर. तेव्हां त्याहून लहान मुलांस दारांतूनच परत धाडणें पुष्कळ चालकांस सोयीचें. या संगीताचे निस्सीम चाहते मात्र बहुधा सोळासतरा वर्षांचे!

वॉशिंग्टनचा इयन मकाय याला ही अडचण स्वानुभवानें ठाऊक होती. १९८० सालीं तो व त्याचे सोबती सॅन फ्रान्सिस्को येथें वाजवावयास गेले असतां, त्यांना मद्य दिलें जाऊं नये म्हणून क्लबानें त्यांच्या हातांवर काळ्या फुल्या काढल्या. ती युक्ति घेऊन ते घरीं परतले: फुली काढा, पण आंत येऊं द्या. त्याच वर्षीं मकाय व जेफ नेल्सन यांनीं डिस्कॉर्ड ही ध्वनिमुद्रण-संस्था काढली.

पुढें मकायच्या ‘फुगाझी’ या वृंदाची पहिली मैफल ३ सप्टेंबर १९८७ रोजीं वॉशिंग्टनमध्यें झाली. मकाय, गी पिचोटो, जो लॅली व ब्रेंडन कँटी या चौघांच्या अटी ठरलेल्या असत: तिकीट शक्यतों पांच डॉलर, आणि प्रवेश सर्व वयांस. क्लब कबूल न झाल्यास चर्चचें सभागृहहि त्यांना चाले. नांव छापलेले सदरे विकून पैसे करण्याचा मार्ग त्यांनीं धरला नाहीं.

पुढच्या रांगांत धक्काबुक्की होई; मंचावरून गर्दीवर उड्या पडत. तेव्हां फुगाझी गाणें मध्येंच थांबवून दांडग्यांस आवरण्याची विनंति करी. कोणी ऐकलेंच नाहीं, तर त्याचे पांच डॉलर परत करून त्याला बाहेर काढीत. कित्येकांना ही मास्तरकी वाटे, आणि रंग भंगतो ही तक्रार खोटीहि नव्हती. पण मंचाच्या कडेशीं चेंगरलेल्या मुलीलाहि तितकेच पैसे पडले होते. तिच्या ऐकण्याचा हक्क कोणी राखावयाचा? स्वस्त तिकिटानें दार उघडतें, परंतु आंत निर्भयपणें उभें राहतां आलें नाहीं तर तें उघडून काय उपयोग?

दुसरें असें कीं, गाण्यांचा क्रम हे लोक आधीं लिहून ठेवीत नसत. एकानें चार सूर छेडले कीं बाकीचे तिघे ओळखत व धांवून मिळत. त्यामुळें आजची मैफल कालच्यासारखी होत नसे, आणि एकच गाणें दहादां ऐकणाऱ्यालाहि पुढें काय येणार याची हुरहूर राही.

२००२ च्या नोव्हेंबरांत लंडन येथें वाजविल्यानंतर वृंदानें विराम घेतला. तथापि आठशेंहून अधिक मैफलींचें ध्वनिमुद्रण त्यांच्याजवळ होतें. २०११ पासून डिस्कॉर्डनें तें क्रमाक्रमानें इंटरनेटवर खुलें केलें. एका मैफलीची सुचविलेली किंमत पांच डॉलर ठेविली. त्यांत चुकलेले सूर आहेत, गाण्यांमधलीं संभाषणें आहेत, आणि दांडग्यांची समजूत काढण्यासाठीं थांबलेलीं गाणींहि आहेत.