उन्हाळी भाजी लावण्याआधी विहीर मोजा



जानेवारी निम्मा सरला, की गावात एकच प्रश्न कानावर येतो, ‘यंदा उन्हाळी काय लावायचं?’ कोणी भेंडी म्हणतं, कोणी काकडी म्हणतं, कोणी टोमॅटोचं रोप सांगून ठेवतं. बियाण्याच्या पुड्या येतात, वाफे पडतात. मीही अशीच लावत आले. पण गेली काही वर्षं मी या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न विचारते. आपल्या विहिरीला एप्रिलात पाणी किती? हा प्रश्न मला २०१६ सालाने शिकवला.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात. २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षं पावसाने दगा दिलेली. तरीही २०१६च्या फेब्रुवारीत आमच्या विहिरीत बारा फूट पाणी उभं होतं. आम्ही पंचवीस गुंठ्यांत भाजी लावली. दहा गुंठे टोमॅटो, आठ गुंठे भेंडी, चार गुंठे काकडी आणि तीन गुंठे गवार. बारा फूट पाणी बघून आमच्या मालकांना आणि मला वाटलं, आपण शहाणपणानेच लावतोय.

आता जरा हिशेब ऐका. आमची विहीर वीस फूट व्यासाची. तिच्यातलं एक फूट पाणी म्हणजे सुमारे नऊ हजार लिटर. बारा फूट म्हणजे लाखाच्या वर. ऐकायला मोठं वाटतं. पण एक गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटर जमीन, आणि एक मिलिमीटर पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला एक लिटर. भर उन्हाळ्यात वाढलेल्या पिकाला दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे वाफ्याने पाणी दिलं, तर गुंठ्याला रोज आठशे लिटर धरावं लागतं. पंचवीस गुंठ्यांचे झाले वीस हजार. आमचं ते बारा फूट पाणी पाच दिवसांचं होतं! पीक जगणार होतं ते रात्रीत विहिरीला येणाऱ्या झऱ्यावर.

फेब्रुवारीत हे कळत नाही, कारण तेव्हा तिन्ही गोष्टी आपल्या बाजूच्या असतात. रोपं लहान असतात, ऊन कोवळं असतं आणि झरा चांगला असतो. आमच्या विहिरीला तेव्हा रात्रीत तीन फूट पाणी येत होतं. एप्रिलात तिन्ही गोष्टी एकदम उलटतात. झाड मोठं होतं, त्याची तहान वाढते, गरम वारा सुटतो आणि झरा आटतो. पाडव्याच्या सुमाराला आमच्या विहिरीला रात्रीत जेमतेम एक फूट पाणी येऊ लागलं.

त्यात गावचा पाणवठा बंद झाला. त्याच एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे तुम्हाला आठवत असेल. आमच्या वस्तीवरची माणसं पहाटे घागरी घेऊन विहिरीवर येऊ लागली. घागरीला नाही म्हणता येत नाही. घर, दोन म्हशी आणि शेजारपाजार मिळून दोन-अडीच हजार लिटर जायचं. उरलेल्या साडेसहा हजारांत पंचवीस गुंठे भिजवायचे होते.

मालक म्हणाले, ‘सगळ्यांना थोडं थोडं देऊ.’ मलाही ते न्यायाचं वाटलं. दहा दिवस आम्ही तसंच केलं. टोमॅटोची फुलं गळाली, काकडी वाकडी आणि कडू झाली, भेंडी निबर निघू लागली. माझ्या सासूबाई एक दिवस बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, ‘माणूस अर्ध्या भाकरीवर निभावतो गं. झाडाला अर्ध्या पाण्यावर फळ धर म्हणू नगंस.’ त्या दिवशी आम्ही टोमॅटोचं आणि काकडीचं पाणी तोडलं. स्वतः लावलेलं रोप वाळताना बघणं सोपं नसतं. मी चार दिवस त्या बाजूला गेलेच नाही. पण गवार तगली, निम्मी भेंडी तगली आणि घागरी परत गेल्या नाहीत.

त्यानंतर आम्ही जी पद्धत धरली, ती सांगते. एक सुती दोर घ्या. त्याला दर फुटाला गाठ मारा, टोकाला दगड बांधा. संध्याकाळी उपसा थांबला की पाणी मोजा, पहाटे पंप सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. फरक म्हणजे रात्रीचा झरा. दर पंधरवड्याला तो वहीत लिहा. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या, की फेब्रुवारीच्या झऱ्यावरून एप्रिलच्या झऱ्याचा अंदाज बांधता येतो. नोंद नसेल, तर पहिल्या वर्षी फेब्रुवारीच्या झऱ्याचा तिसरा हिस्साच धरून चाला.

समजा, एप्रिलचा झरा एक फूट म्हणजे नऊ हजार लिटर आहे. त्यातून घराचं, जनावरांचं आणि शेजाऱ्यांचं तीन हजार आधी बाजूला काढा. उरले सहा हजार. ठिबक आणि आच्छादन असेल, तर गुंठ्याला सहाशे लिटर धरा. म्हणजे तुमची उन्हाळी भाजी दहा गुंठे. अकरावा गुंठा लावायचा नाही, मग फेब्रुवारीत विहीर कितीही भरलेली दिसो.

आता तुम्ही म्हणाल, फेब्रुवारीतलं जादा पाणी काय वाया घालवायचं? नाही. त्यावर पाडव्यापर्यंत आटोपणारी पिकं घ्या. काकडीला पहिला तोडा पेरणीपासून चाळीस-पंचेचाळीस दिवसांत मिळतो. जानेवारीच्या मध्याला बी पिशव्यांत लावा, थंडी असेल तर रात्री वर पाचट टाका, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला मातीच्या गोळ्यासकट रोप आळ्यात बसवा. मेथी आणि कोथिंबीर तर महिना-सव्वा महिन्यात निघतात. ही पिकं आपलं काम करून उन्हाच्या तडाख्याआधी शेत मोकळं करतात.

त्या दहा गुंठ्यांत मात्र ऊन सोसणारी मंडळी हवीत. पहिला मान गवारीचा. तिचं मूळ खोल जातं, पाण्याची पाळी चुकली तरी ती रुसत नाही. दुसरी भेंडी. उन्हाळ्यात पांढऱ्या माशीमुळे तिच्यावर केवडा येतो, पानं पिवळी पडतात. म्हणून रोगाला दाद न देणारं वाण निवडा. या दोघींचं बी फेब्रुवारीत जागेवरच टोका, त्यांची रोपं उपटून लावू नका, कारण सोटमूळ दुखावलं की झाड सावरत नाही. मग दोडका आणि कारलं मांडवावर. त्यांचं बी कडक असतं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवा आणि मग लावा. कडक उन्हात वेलांना नर फुलं जास्त येतात, तेव्हा ‘फुलं दिसतात पण फळ नाही’ म्हणून घाबरू नका. फुलं उमललेली असताना औषध मात्र फवारू नका, कारण मधमाशी आली नाही तर फळ धरत नाही.

टोमॅटोबद्दल स्पष्ट सांगते. दिवसाचं तापमान अडतीसच्या वर गेलं आणि रात्रही गरम राहिली, की त्याच्या फुलातला पराग निकामी होतो. झाड हिरवं दिसतं, पण फूल गळून जातं. म्हणून लावायचाच असेल, तर जानेवारीत रोप शेतात जायला हवं. आणि दोन गुंठ्यांच्या वर नको. मिरचीचं तसं नाही. तिचीही फुलं मे महिन्यात गळतात, पण झाड जगवलं तर पहिल्या पावसानंतर पुन्हा बहर धरतं.

मिरची-वांग्याची रोपं लावण्याआधी आठवडाभर त्यांचं पाणी कमी करा, म्हणजे ती काटक होतात. उपटण्याच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. लावणी ऊन उतरल्यावर करा, लगेच आंबवणी द्या आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिंबवणी. ओळीत सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड पसरा, फक्त खोडाला लावू नका. पश्चिमेच्या बांधाला पंधरा दिवस आधी मक्याच्या दोन ओळी टोका. गरम वारा अडतो आणि म्हशींना चाराही होतो.

शहरातल्या श्रोत्यांनाही हा हिशेब उपयोगी आहे. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी रोज किती साठतं ते बादलीने मोजा आणि तेवढ्याच कुंड्या ठेवा. गवार, भेंडी, चवळी लावा आणि दुपारनंतर सावली येईल अशी जागा बघा. आणि मे महिन्यात मंडईत कोथिंबिरीची जुडी महाग वाटली, तर त्या जुडीने किती पाणी प्यायलंय, एवढं मनात आणा.

गाठींचा दोर आमच्या ओसरीवर खुंटीला टांगलेला असतो. आजही फेब्रुवारीत भरलेली विहीर पाहिली, की माझा हात बियाण्याच्या डब्याकडे जातो. मग मी वही उघडते आणि एप्रिलचं पान बघते. कधी दहा गुंठे निघतात, कधी सहा. एका वर्षी चारच निघाले होते. चारच लावले, पण शेवटच्या तोड्यापर्यंत भिजवले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)