हुशार पण चंचल बालक आणि वर्गाध्यापन : सुरगाणा तालुक्याच्या संदर्भात विवेचन

प्रस्तावना :
प्रश्न पुरा होण्यापूर्वीच उत्तर देणारे, परंतु दहा मिनिटेही जागेवर न बसणारे मूल पहिली-दुसरीच्या प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे असते. ‘हुशार आहे, पण व्रात्य आहे’ असा शेरा त्याला लवकरच चिकटतो. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा या गुजरात सीमेलगतच्या आदिवासीबहुल तालुक्यात असे मूल अनेकदा घरातील शाळेत जाणाऱ्या पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीचे असते. शाळेचा पहिलाच अनुभव अपमानाचा ठरला, तर त्याला शाळेत टिकवून ठेवणे कठीण होते. म्हणून प्रस्तुत लेखात चंचलतेची कारणे व वर्गात करता येण्याजोगे उपाय यांचा विचार केला आहे.

चंचलतेची कारणे :
पहिले कारण वयाचे आहे. पाच ते सात वर्षांचे मूल शरीराच्या हालचालीतूनच शिकते. दीर्घकाळ स्थिर बसणे ही त्याची स्वाभाविक अवस्था नव्हे.

दुसरे कारण वर्गरचनेचे आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेसाठी दोन शिक्षकांची तरतूद आहे. म्हणजेच छोट्या पाड्यावरील शाळेत एका शिक्षकाला एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. हुशार मुलाचे काम लवकर संपते आणि उरलेला वेळ ते खोड्यांत घालवते.

तिसरे कारण भाषेचे आहे. कोकणा, वारली इत्यादी समाजांतील मुलांची घरची बोली पाठ्यपुस्तकाच्या मराठीहून भिन्न असते. न कळलेली सूचना पाळली गेली नाही, की ते अवधान नसल्याचे लक्षण समजले जाते.

चौथे कारण अवधान-न्यूनता व अतिचंचलता (एडीएचडी) ही अवस्था होय. तिच्या निदानासाठी लक्षणे किमान सहा महिने, एकाहून अधिक ठिकाणी आणि दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारी असावी लागतात. केवळ वर्गात चुळबूळ करणारे, पण घरी व शेतात सांगितलेले काम नीट करणारे मूल या निकषात सहसा बसत नाही. उलट, हुशार मुलालाही ही अवस्था असू शकते. त्याच्या बुद्धीमुळे ती झाकली जाते. निदान शिक्षकाने करू नये. नोंदी मात्र ठेवाव्यात.

कोसबाडचा अनुभव :
ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाड येथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी हे कार्य विस्तारले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी साकारली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. बिया, पाने, खडे हेच शैक्षणिक साहित्य झाले. मुलाने शाळेच्या साच्यात बसावे हा आग्रह सोडून त्यांनी साचाच बदलला. चंचल बालकाच्या बाबतीत हीच दृष्टी उपयुक्त ठरते.

वर्गातील उपाय :
१) दर दहा-पंधरा मिनिटांनी हालचालीचे काम द्यावे : फळ्यावर लिहिणे, टाळ्यांवर पाढे, चिंचोके मोजून आणणे.
२) काम लवकर संपविणाऱ्यास त्याच प्रकारची आणखी गणिते न देता अधिक आव्हानात्मक काम द्यावे. जादा गणिते त्याला शिक्षेसारखी वाटतात.
३) सूचना एका वेळी एकच, छोट्या वाक्यात आणि शक्य तेथे बोलीतील शब्द वापरून द्यावी.
४) साहित्यवाटपासारखी जबाबदारी सोपवावी, मात्र त्याला कायमचा मदतनीस करून त्याचे स्वतःचे शिक्षण थांबवू नये.
५) चांगले वर्तन त्याच क्षणी, नेमक्या शब्दांत सांगावे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस उपरोक्त कायद्याच्या कलम १७ नुसार मनाई आहे.
६) चुळबूळ केव्हा, कोणत्या विषयात व कशानंतर होते याची काही आठवडे नोंद ठेवून पालकांशी बोलावे. अडचण घरीही तितकीच दिसत असल्यास ग्रामीण रुग्णालयामार्फत बालरोगतज्ज्ञ वा मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

निष्कर्ष :
चंचलता हा प्रथमतः मुलाचा दोष नसून वर्गाला विचारलेला प्रश्न आहे. वय, काम आणि भाषा यांची तपासणी केल्यावरही तो शिल्लक राहिला, तरच वैद्यकीय वाटेचा विचार करावा; परंतु त्या वेळी विलंबही करू नये. वरील बहुतेक उपायांना वेगळा निधी लागत नाही. शिक्षकाने शेरा मारण्यापूर्वी निरीक्षण करावे, एवढीच त्यांची पूर्वअट आहे.