जिन्यातली हेलिकॉप्टरं आणि नाईट शिफ्टचे मामा

मित्रहो, ‘अनोव्हा’ हा शब्द ऐकला की आपल्यापैकी निम्म्यांना झोप येते आणि उरलेल्यांना बॅकलॉग आठवतो. माझंही तसंच होतं. पण एका चुकीने डोळे उघडले. चूक आमची होती, आणि तिची शिक्षा मात्र दुसऱ्यालाच होणार होती.

सुट्टीत आम्ही चौघे शिरोलीच्या एका फाउंड्रीत ट्रेनिंगला होतो. कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायू अडकून राहिलेल्या पोकळ्या, का येतात हा आमचा विषय. दोन्ही शिफ्टचं रिजेक्शन मोजलं. रात्रीचं जास्त निघालं. झालं! रिपोर्टच्या कच्च्या प्रतीत लिहून टाकलं, ‘नाईट शिफ्टच्या मोल्डिंगमध्ये हलगर्जीपणा आहे.’ नाईट शिफ्टच्या मामांनी ते वाचलं आणि शांतपणे विचारलं, “पोरांनो, रात्री वाळूत पाणी जास्त असतंय. ती वाळू दिवसा वापरून बघितलंसा काय?”

आम्ही गप्प.

हॉस्टेलवर आल्यावर सरांना सगळं सांगितलं. सर रागावले नाहीत. म्हणाले, “उद्या संध्याकाळी कागद, कात्री, जेम क्लिपा आणि स्टॉपवॉच घेऊन जिन्यात या.”

खेळ साधा होता. कागदाची पट्टी घ्यायची, वरचा भाग मधोमध कापून दोन पंख विरुद्ध बाजूंना दुमडायचे, खालच्या भागाची घडी घालून दांडा करायचा. वरून सोडलं की हे हेलिकॉप्टर गरगरत खाली येतं. इंजिनिअरांना प्रयोगांची आखणी शिकवण्यासाठी जॉर्ज बॉक्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९९२ साली याच खेळावर लेख लिहिला होता. आमच्यापुढे प्रश्न असा, की हेलिकॉप्टर जास्त वेळ हवेत राहायला काय लागतं? पंख ८ सेंमी की १२ सेंमी? दांड्याला क्लिप लावायची की नाही?

पहिल्या दिवशी आम्ही आधी सगळी छोट्या पंखांची सोडली, मग सगळी मोठ्या पंखांची. मधेच कुणीतरी जिन्याची खिडकी उघडली. सरांनी विचारलं, “हा वारा कुणाच्या खात्यावर टाकणार?” आणि माझी ट्यूब पेटली. फाउंड्रीतही हेच झालं होतं! शिफ्ट बदलली तेव्हा वाळूही बदलली होती. दोन कारणं हातात हात घालून चालली, की कितीही मोजा, दोष कुणाचा ते आकडे सांगू शकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी लांबी आणि क्लिप यांच्या चारही जोड्या घेतल्या, प्रत्येकीच्या तीन चिठ्ठ्या केल्या आणि डब्यात टाकल्या. चिठ्ठी निघेल ते हेलिकॉप्टर सोडायचं. सोडणारा एकच, वेळ घेणारा एकच. वारा आला तरी तो मुद्दाम कुणा एकाची बाजू घेणार नाही. ही चिठ्ठ्यांची युक्ती रोनाल्ड फिशर यांची. १९१९ साली ते इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती केंद्रात रुजू झाले. तिथे खताचा परिणाम आणि जमिनीचा कस वेगळे कसे काढायचे हा प्रश्न होता. त्यातूनच अनोव्हा आकाराला आलं. (त्याच १९१९ मध्ये आपल्या कोल्हापुरात संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार यांचा जन्म झाला!)

आमचे आकडे, सेकंदांत :

छोटे पंख, क्लिप नाही : २.७, २.७, ३.०
मोठे पंख, क्लिप नाही : ३.५, ३.८, ३.८
छोटे पंख, क्लिप आहे : २.३, २.३, २.६
मोठे पंख, क्लिप आहे : २.७, २.८, ३.२

आता अनोव्हा म्हणजे काय? मेसचं बिल आलं की आपण विचारतो ना, भाजीचे किती, गॅसचे किती? तसंच इथे. सगळे आकडे सारखे नाहीत. तो एकूण फरक शंभर रुपये धरा. त्यातले ४९ पंखांचे, ३६ क्लिपचे, ४ दोघांच्या एकत्र परिणामाचे. उरलेले ११ रुपये कशाचेच नाहीत : तेच हेलिकॉप्टर, तीच उंची, तरी वेळ थोडा वेगळाच! हा ‘उगाचचा’ फरक हीच आपली मोजपट्टी. त्याच्या तुलनेत कारण किती मोठं, ते एफ हा आकडा सांगतो. पंखांचा एफ ३६.७५, क्लिपचा २७, एकत्र परिणामाचा फक्त ३. पाच टक्के पातळीला इथे ५.३२ ओलांडावे लागतात. म्हणजे पंख आणि क्लिप दोन्ही पास. एकत्र परिणाम नाहीच असं मात्र नाही. बारा उड्डाणांत तो सिद्ध झाला नाही, इतकंच.

एकेक हेलिकॉप्टरच सोडलं असतं तर हे ११ रुपये दिसलेच नसते, आणि योगायोगालाच आम्ही कारण समजलो असतो.

दुसऱ्याच दिवशी रिपोर्टातलं ते वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, ‘शिफ्ट आणि वाळूतला ओलावा यांचे परिणाम वेगळे करता आले नाहीत. दोन्ही शिफ्टमध्ये दोन्ही प्रकारची वाळू, चिठ्ठ्या टाकून, वापरून पाहावी.’ प्रत घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “आता कसं बोललासा! चला, चहा घेऊ.”

तेव्हा मित्रहो, प्रोजेक्टचा निष्कर्ष लिहिण्यापूर्वी एकदा जिन्यात जाऊन बारा हेलिकॉप्टरं सोडा. फक्त खाली कोण उभं आहे ते बघा, रेक्टर सर असायचे!