सतराव्या लेण्यातली राक्षसीण

फर्दापूर फाट्यावरून एसटीने अजिंठा लेणी गाठलीत, तर १७ क्रमांकाच्या लेण्यात उजव्या भिंतीपाशी जरा थांबा. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात रंगवलेली ही सिंहलाची कथा. गलबत फुटून बेटावर लागलेल्या व्यापाऱ्यांना देखण्या बायांचं रूप घेतलेल्या राक्षसिणी भुलवतात आणि पुढे खाऊन टाकतात. पांढऱ्या घोड्यावरून सिंहल तेवढा निसटतो. पण त्याची ‘बायको’ कसली सोडते! पोर घेऊन ती थेट राजदरबारी फिर्याद मांडते. सिंहल परोपरीने सांगतो, पण राजेसाहेब आधीच विरघळलेले. तिला अंतःपुरात ठेवून घेतात. सकाळी महालावर गिधाडं घिरट्या घालताना दिसतात. मग सिंहल राजा होतो आणि बेटावर चालून जातो. नावांमध्ये उभे केलेले त्याचे हत्ती चुकवू नका.