बॅटरी निवडताना घरातल्या रुग्णाचा विचार करा

सीओपीडीसारख्या फुप्फुसाच्या आजारात काही रुग्णांना घरीही ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. ‘छतावर सोलर आहे, लाइट गेली तरी काळजी नाही,’ असे नातेवाईक सांगतात. पण ग्रीडला जोडलेली साधी सौरयंत्रणा वीज जाताच आपोआप बंद होते. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये, म्हणून ही सोय असते. अशा वेळी कॉन्सन्ट्रेटर चालवायचा, तर बॅटरी आणि तिला साजेसा इन्व्हर्टर हवाच.

बॅटरी कोणती घ्यावी? आधी हिशेब करा. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट वीज घेतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत सुमारे १८०० वॅट-अवर वीज मावते. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली, की तिचे आयुष्य घटते. म्हणजे वापरायला ९००च उरतात. इन्व्हर्टरमधली घट धरली, तर कॉन्सन्ट्रेटर जेमतेम दोन तास चालतो. त्याच मापाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० ते ९० टक्के वापरता येते; ती चार तासांच्या आसपास साथ देते. ती महाग असते, पण टिकतेही जास्त.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. पाणी घालावी लागणारी लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले, तर ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो. म्हणून ती हवेशीर जागी ठेवा, रुग्णाच्या खोलीत नको. ॲसिड डोळ्यात उडाले, तर चोळू नका. किमान २० मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच रुग्णालय गाठा. लिथियम प्रकारांत आयर्न फॉस्फेट तुलनेने सहजी पेट घेत नाही. तरीही बीएमएस ही संरक्षक यंत्रणा असलेलीच बॅटरी घ्या आणि जुन्या इन्व्हर्टरचे चार्जिंग तिला जुळते का, हे तपासून घ्या.

जुनी बॅटरी घरी फोडू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. तिच्यातले शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. ती विक्रेत्याकडेच परत करा.

ज्या घरात रुग्णाचा श्वास यंत्रावर अवलंबून आहे, तिथे माझा कल लिथियम आयर्न फॉस्फेटकडे आहे. नुसते दिवे-पंखे चालवायचे असतील, तर लेड-ॲसिडही पुरते. मात्र बॅटरी कोणतीही असो, भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात हवाच आणि तो सुरू करणे घरातल्या किमान दोघांना यायला हवे.