आकडा 200 चा, भट्टी 250 ची

तुमसर तालुक्यातलं चिखला मँगनीजच्या भूमिगत खाणीसाठी ओळखलं जातं. पाळ्यांवर माणसं कामाला जातात तिथे मोठ्या प्रमाणावरचा स्वयंपाक ओघानेच येतो. 1952 च्या खाण कायद्यात अडीचशेहून जास्त कामगारांच्या खाणींसाठी उपाहारगृहाची तरतूद होती ती त्यासाठीच. उपाहारगृह असो, केटरिंग असो की दिवाळीत घरोघरच्या नानकटाईचे ट्रे भाजून देणारी बेकरी, विजेच्या ओव्हनची एक तक्रार सगळीकडे सारखी असते. पडद्यावर आकडा 200 दिसतो आणि पाव वरून करपून आतून कच्चा राहतो. मग जो तो आपापलं कारण सांगतो, आणि त्यातली बरीचशी चुकीची असतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण म्हणजे ‘व्होल्टेज वाढलं’. व्होल्टेज 230 चं 250 झालं, तर कॉईल साधारण अठरा टक्के जास्त उष्णता देते हे खरं आहे. पण नियंत्रण शाबूत असेल तर त्यामुळे ओव्हन लवकर तापतो एवढंच. ठरलेला अंश आला की पुरवठा तुटतोच. घातक ठरतं ते कमी व्होल्टेज. ते खूप घसरलं की कॉईलचा पुरवठा जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर धड धरत नाही, थरथरतो, प्रत्येक झटक्याला त्याच्या पट्ट्यांत ठिणगी पडते आणि शेवटी पट्ट्या एकमेकींना चिकटतात. मग कंट्रोलर ‘बंद’ म्हणाला तरी कॉईल चालूच राहते.

‘विदर्भातला उन्हाळा आहे, ओव्हन तापणारच’ हे अर्धंच खरं. पेटीच्या आत 220 अंश असताना बाहेर 30 आहेत की 45, याने आतल्या तापमानात फरक पडत नाही. फरक पडतो तो बाजूच्या कंट्रोल पॅनेलला. कॉन्टॅक्टरऐवजी सॉलिड स्टेट रिले बसवला असेल, तर आधीच तापलेल्या डब्यात तो जळतो; आणि असा रिले जळला की बहुतेक वेळा बंद पडत नाही, कायमचा चालू होऊन बसतो. पॅनेलची जाळी पिठाने बुजलेली असेल तर ती उन्हाळ्याआधीच झाडून घ्यायला हवी.

दोष कुठे आहे हे शोधायला एक सोपी परीक्षा पुरते. तापलेल्या ओव्हनचं सेटिंग अगदी खाली आणा. कंट्रोलरवरचा ‘आउट’चा दिवा विझला आणि तरीही तापमान चढतच राहिलं, तर कॉन्टॅक्टर किंवा रिले चिकटलाय. याउलट नेहमीच्या सेटिंगला पेटी उघड उघड जास्त तापलेली असताना आकडा कमी दिसतो आणि दिवा पेटलेलाच राहतो, असं असेल तर सेन्सर खोटं सांगतोय. पॅनेल उघडायचं असेल तर मात्र मेन स्विच पाडून, आणि ते काम वायरमनचंच.

इथे सगळ्यात मोठा गैरसमज येतो: पडद्यावरचा आकडा म्हणजे पेटीतलं तापमान. तो असतो पेटीतल्या सेन्सरच्या, म्हणजे थर्मोकपलच्या, टोकाने पाठवलेल्या इवल्याशा व्होल्टेजचा कंट्रोलरने लावलेला अर्थ. सर्रास वापरल्या जाणाऱ्या के प्रकारच्या थर्मोकपलमध्ये क्रोमेल आणि ॲल्युमेल अशा दोन मिश्रधातूंच्या तारा असतात, आणि ॲल्युमेलमध्ये निकेलसोबत सुमारे दोन टक्के मँगनीज असतं. ज्या धातूवर चिखल्याची ओळख उभी आहे, तो ओव्हनचा अंश मोजणाऱ्या तारेतही आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.

या तारांबाबतच्या चुका बहुधा दुरुस्तीतच होतात. ‘लाल म्हणजे प्लस’ ही विजेच्या कामातली सवय इथे आड येते. अमेरिकी रंगपद्धतीच्या थर्मोकपलमध्ये लाल तार मायनस असते. उलट जोडली की पेटी तापते तसा आकडा खाली जातो आणि कंट्रोलर बिचारा उष्णता देतच राहतो. शंका असेल तर सेन्सरच्या थंड तारांना लहानसं चुंबक लावून बघा. चिकटते ती ॲल्युमेल, म्हणजे मायनस. तार अपुरी पडली म्हणून साधी तांब्याची वायर जोडणं हीसुद्धा अशीच चूक. जोड ओव्हनच्या अंगाला 80 अंशांत आणि कंट्रोलर 40 अंशांत असेल, तर आकडा साधारण 40 ने कमी दिसतो आणि तेवढीच पेटी जास्त तापते.

नवा कंट्रोलर बसवताना आणखी एक गोष्ट राहून जाते. सेन्सर के प्रकारचा आणि कंट्रोलरची निवड जे प्रकारावर राहिली, तर 200 दिसत असताना पेटी 250 च्या पुढे गेलेली असते. अशा वेळी ‘ऑफसेट टाकून आकडा जुळवतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. ही चूक 150 ला चाळीसच्या आसपास आणि 200 ला पन्नासच्या वर असते. टोस्टला जुळवलेला आकडा पावाला चुकणारच.

खात्री करायला हातातली इन्फ्रारेड गन पुरेल, असंही समजतात. चकचकीत स्टीलवर ती बरंच कमी तापमान दाखवते. मधल्या ट्रेवर ठेवलेला साधा ओव्हन थर्मामीटर जास्त विश्वासाचा. नॉबच्या जुन्या ओव्हनमध्ये थर्मोकपल नसतो. तिथे द्रव भरलेला बल्ब आणि बारीक नळी असते. नळी पिचून द्रव गळला की थर्मोस्टॅट पुरवठा तोडतच नाही. तो बदलायचाच.

आणि ‘सेफ्टी सारखी ट्रिप होते, डायरेक्ट करून द्या’ ही मागणी. हाताने रिसेट करायचा तो हाय लिमिट थर्मोस्टॅट वरचं सगळं फसल्यावर उरणारा एकमेव अडसर असतो. तो ट्रिप होतोय याचा अर्थ बहुतेक वेळा पेटी खरोखरच हाताबाहेर तापतेय. कंपनीचा माणूस नागपूरहून यायला दोन दिवस लागले तरी डायरेक्ट केलेला ओव्हन चालवू नये. तुपाचे ट्रे आत असताना तर नाहीच. दुरुस्ती झाली की रिकामा ओव्हन 200 वर अर्धा तास चालवावा, थर्मामीटर मधल्या ट्रेवर ठेवावा, दोन्ही आकडे ताडून पाहावेत, आणि लिमिटची वायर पुन्हा जागेवर आली आहे ना, हे वायरमनकडून दाखवून घेऊनच पहिला घाणा आत सोडावा.