दोन मिनिटांचे विमान

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. विमान मी आजवर पाहिले ते अंगणातून, मान उंच करून. तेव्हा मी विमानावर लिहावे याचे वाचकांना हसू येईल. पण वाचनालयात एका छोट्या विमानकंपनीची माहिती वाचली आणि ती मनातून जाईना.

स्कॉटलंडमध्ये १९६२ साली विली लोगन या बांधकाम-कंत्राटदाराने लोगनएअर ही कंपनी सुरू केली. त्या देशाच्या उत्तरेस ऑर्कनी नावाचा बेटांचा समूह आहे. तेथील वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या बेटांमधले अंतर पावणेतीन किलोमीटरसुद्धा नाही. १९६७ पासून या अंतरावर विमान जाते! वेळापत्रकात दोन मिनिटे लिहिलेली असतात. वारा पाठीशी असला तर एका मिनिटाच्या आतही पोहोचते. ‘आयलंडर’ जातीचे हे विमान आठ प्रवासी घेते आणि आखूड धावपट्टीवरही उतरते.

पश्चिमेकडील बारा बेटावर तर विमान समुद्राच्या पुळणीवरच उतरते. भरती आली की धावपट्टी पाण्याखाली! म्हणून विमानाच्या वेळा ओहोटी पाहून ठरवतात. आमच्या खाडीतल्या होडीचेही असेच.

मूठभर प्रवाशांच्या भाड्यात विमान कसे परवडेल? परवडत नाहीच. ऑर्कनीतील या बेटांच्या सेवेसाठी तेथील स्थानिक परिषद पैसा घालते. कारण या विमानातून शिक्षक जातात, डॉक्टर जातात, आजारी माणसे येतात. ते थांबले तर आधी शाळा अडेल, मग मुलांची घरे हलतील, शेवटी बेट ओस पडेल. ही नुसती कल्पना नव्हे. स्कॉटलंडच्याच सेंट किल्डा बेटावर उरलेल्या ३६ माणसांनी १९३० साली स्वतः विनंती करून आपले बेट सोडले.

माझी ताई सातवीपर्यंत शिकली. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि पावसाळ्यात होडीचा भरवसा नसे. ती माझ्यापेक्षा हुशार होती. माझ्या वेळेपर्यंत पूल झाला, म्हणून मी येथे आहे.

चार माणसांसाठी गाडी कशाला सोडायची, असे कोणी म्हणाले की मला ते दोन मिनिटांचे विमान आठवते. त्या चारांत एखादी ताई असते.

— द्वितीय वर्ष, कला